कारखान्यातील पंतोजी

होळकर पुलावरून मुळा ओलांडून आळंदीच्या रस्त्याला लागलेला मनुष्य विश्रांतवाडीच्या चौकात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या पाठीशी, नदीपलीकडे, 1869 साली स्थापन झालेला खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना असतो, समोर कळस-दिघीवरून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी वाट असते, आणि उजव्या हाताला धानोरी-लोहगावच्या माळांवर उठत चाललेल्या टोलेजंग इमारतींच्या परांच्या असतात. म्हणजे स्फोटकांशी, यंत्रांशी आणि उंचीशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे अशा तिन्ही प्रकारच्या माणसांचे जाणेयेणे या एका चौकातून चालते. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्यात उतरते, तो एक दिवस सोडला, तर पहाटेची येथली गर्दी ही पहिल्या पाळीची गर्दी होय. या गर्दीतील गवंड्याला, प्रेसवर बसणाऱ्या कामगाराला आणि रासायनिक चूर्ण पुड्यांत भरणाऱ्या बाईला संध्याकाळी धडधाकट घरी कसे परतावे हे शिकविण्याचे काम कोणाचे, त्या शिकविणाराला कोणता दाखला लागतो, आणि दाखला हाती आला म्हणजे त्याला शिकविता येऊ लागते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे सरकारी दप्तरात मिळतात. तिसऱ्याचे तेथे मिळत नाही, म्हणून त्याच्यापाशी अधिक रेंगाळावे लागेल.

आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. त्यात मुलांची वये, त्यांच्या कामाचे तास आणि धोक्याच्या यंत्रांना घालावयाचे कुंपण यांपलीकडे फारसे काही नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी जो अर्ज सिद्ध केला, त्यात रविवारच्या सुटीबरोबर आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याबरोबर आणखी एक मागणी होती, ती अशी की कामावर जखमी झालेल्या इसमास तो बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. अपघाताची भरपाई मागण्याइतके धैर्य त्या काळी लागत होते आणि ते लोखंड्यांनी दाखविले. प्रत्यक्ष भरपाईचा कायदा व्हावयास मात्र 1923 साल उजाडावे लागले. अपघात घडूच नये म्हणून कामगाराला कोणीतरी शिकवावे, हा विचार कायद्याच्या पोथीत त्याहूनही उशिरा आला.

त्याची पूर्वतयारी 1945 साली झाली. त्या वर्षी केंद्र सरकारच्या मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे दप्तर उघडण्यात आले, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विश्रांतवाडीच्या ज्या सामाजिक न्याय भवनाला त्यांचे नाव दिलेले आहे, तेथे जातीच्या दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ताटकळणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना बाबासाहेबांच्या चरित्रातील हे पान ठाऊक असेल, अशी शंका येते. याच दप्तराचा पुढे विस्तार होऊन मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. 1966 पासून ती आजच्या वास्तूत आहे, आणि तेथील औद्योगिक सुरक्षेचे संग्रहालय शाळेच्या सहलींनी फारसे पाहिलेले नसले तरी पाहण्याजोगे आहे. त्याच वर्षी 4 मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांच्या फाटकांवर दर मार्चात जे हिरवे झेंडे लागतात आणि साहेबलोकांच्या उपस्थितीत ज्या शपथा घेतल्या जातात, त्या या तिथीला अनुसरून.

आता दाखल्याची गोष्ट. 1948 च्या कारखाना अधिनियमात 1976 साली जी दुरुस्ती झाली, तिच्या योगे एक हजार वा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक झाले, आणि महाराष्ट्राने 1982 साली या अधिकाऱ्यांची कर्तव्ये, अर्हता व सेवेच्या शर्ती ठरविणारे नियम केले. भोपाळच्या वायुकांडाने 1984 च्या डिसेंबरात साऱ्या देशाची झोप उडविल्यावर 1987 साली कायदा पुन्हा उघडला गेला. कामगारास आवश्यक ती माहिती, सूचना व शिक्षण देणे हे मालकाचे सामान्य कर्तव्यच ठरले, आणि सुरक्षेचे शिक्षण मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क बजावण्यासाठी एखाद्या कामगाराने मुकादमापुढे अर्ज ठेवल्याचे दृश्य कल्पनेत आणणे अवघड जाते, हा भाग निराळा.

विश्रांतवाडीत खोली घेऊन राहणारा आणि भोसरीच्या कारखान्यात पर्यवेक्षकाचे काम करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याला सुरक्षा अधिकारी व्हावयाचे आहे. तो अभियांत्रिकीचा पदवीधर असेल तर दोन वर्षांचा, आणि पदविकाधारक किंवा भौतिक वा रसायनशास्त्राचा पदवीधर असेल तर पाच वर्षांचा कारखान्यातील पर्यवेक्षणाचा अनुभव त्याच्या गाठी असावा लागतो. त्यावर राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी वा पदविका मिळवावी लागते. ही पदविका केंद्रीय श्रम संस्थेत मिळते, तशीच राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेनेही मिळते, आणि अभ्यासक्रम वर्षाचा असतो. कायदा, अग्निशमन, यंत्रांची कुंपणे, विषारी वायू व धूळ यांची मोजमापे, अपघातांची चौकशी, असा विषयांचा पसारा मोठा असतो, आणि तो मनापासून अभ्यासिला तर मनुष्य खरोखर शहाणा होऊ शकतो. आखाती देशांतील नोकरीवर डोळा ठेवून याच वयाची पुष्कळ मुले नेबॉश या 1979 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश परीक्षामंडळाचे प्रमाणपत्र विकत घ्यावे तशा घाईने मिळवितात. तेलाच्या कंपन्यांत त्याला मान असेल, परंतु आपल्या कायद्याने जी पदविका मागितली आहे तिची जागा ते प्रमाणपत्र भरून काढीत नाही, हे फी भरण्यापूर्वी समजलेले बरे.

1982 च्या नियमांतील कर्तव्यांच्या यादीत, पाहणी आणि चौकशीच्या जोडीला, इजा टळाव्यात म्हणून शिक्षणाचे कार्यक्रम आखणे व चालविणे हेही एक कर्तव्य सांगितलेले आहे. म्हणजे सुरक्षा अधिकारी हा कायद्यानेच शिक्षक होय. परंतु अर्हतेच्या यादीत शिकविण्याच्या कलेविषयी एकही अक्षर नाही. पहिलीच्या वर्गात अ, आ, इ शिकविणाऱ्या बाईंना डी.एड.च्या वर्षांत पाठाचे टाचण काढून, मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या निरीक्षकांसमोर, कापऱ्या आवाजात सराव पाठ घ्यावे लागतात; ज्याच्या शिकविण्यावर चाळिशीच्या माणसाची बोटे अवलंबून आहेत, त्याच्या अर्हतेत असा एकही सराव पाठ कायद्याला आवश्यक वाटला नाही.

तरीही त्या यादीत एक कलम असे आहे की ते वाचून नियम लिहिणाऱ्या अज्ञात कारकुनाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. ज्या भागात कारखाना असेल त्या भागातील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात, तिचे पुरेसे ज्ञान सुरक्षा अधिकाऱ्यास असले पाहिजे, असे ते कलम सांगते. मुलाखतीत त्याची विचारपूस क्वचितच होते, कारण मुलाखत घेणाऱ्या मंडळींनी उमेदवाराला मराठी येते हे त्याच्या आडनावावरूनच ठरविलेले असते. परंतु विश्रांतवाडीच्या परिसरात आज ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ कोणती? शेजारच्या येरवड्यात, शास्त्रीनगरच्या एका बांधकामावर, 3 फेब्रुवारी 2022 च्या रात्री लोखंडी सळयांची अवजड जाळी कोसळून पाच मजूर मृत्युमुखी पडले. ते सारे बिहारचे होते. अशा ठिकाणी शुद्ध मराठीत रंगविलेली सूचनाफलकांची रांग, किंवा त्याहून शुद्ध इंग्रजीतले पडद्यावरचे व्याख्यान, यांचा उपयोग तपासनीस आला असता दाखविण्यापुरताच. शिकविणाराला पुस्तकी हिंदी येऊनही भागत नाही. ‘सेंट्रिंग’, ‘बल्ली’, ‘पाड’ हे शब्द त्या माणसांच्या तोंडात ज्या अर्थाने आहेत त्या अर्थाने ते त्याच्याही तोंडी यावे लागतात, आणि समोरच्याने ‘समझ गया साहब’ म्हटले की त्याला काहीही समजलेले नाही हेही ओळखता यावे लागते.

प्रौढ विद्यार्थी हा मूळचाच अवघड. मुलाला आपल्याला काही येत नाही याची लाज नसते; वीस वर्षे भिंती बांधलेल्या गवंड्याला परांचीवर कसे चढावे हे कालच्या पोराने सांगणे हा त्याच्या अनुभवाचा उपमर्द वाटतो, आणि त्याचे तसे वाटणे सर्वस्वी चुकीचेही नसते. त्या परांचीची कोणती फळी हलते हे त्याला ठाऊक असते, पंतोजीला नसते. त्यामुळे प्रौढांना शिकविण्याच्या ज्या पद्धती जगात टिकल्या, त्यांचा प्रारंभ विद्यार्थ्याच्या हातांपासून होतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या गोद्यांत लक्षावधी नवशिके जहाजबांधणीला लावण्याची वेळ आली, तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या शिक्षकाने धड्याचे चार टप्पे पाडले: शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी, काम करून दाखवावे, त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि मग त्याला ते खरोखर आले काय हे तपासून पाहावे. दुसऱ्या महायुद्धात याच टप्प्यांवर दहा तासांचा एक पाठ रचून तेथील सरकारने तो लक्षावधी मुकादम व पर्यवेक्षकांना पढविला, आणि 1950 च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या तज्ज्ञांबरोबर तो भारतातही आला. शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही, ही त्या पद्धतीची कठोर कसोटी होती. आजचा बहुतेक सुरक्षावर्ग पहिल्या दोन टप्प्यांवर संपतो, किंबहुना दुसऱ्याच्या मध्यावर. मग हजेरीवही फिरते, तिच्यावर सह्या व अंगठे उमटतात, आणि शिक्षण झाले असे कागदोपत्री सिद्ध होते.

याहून निराळा आणि आपल्याच मातीतला प्रयोग नागपुरास झाला. केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ 1958 साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपूरला ठेवण्यात आले. मंडळाने प्रथम शिक्षणाधिकारी तयार केले. त्या अधिकाऱ्यांनी कामगार संघटनांनी निवडून पाठविलेल्या कामगारांना पूर्णवेळ शिकवून ‘श्रमिक शिक्षक’ बनविले. आणि हे श्रमिक शिक्षक आपापल्या कारखान्यात परत जाऊन, पाळी सुटल्यावर वा मधल्या वेळात, सोबत्यांचे वर्ग घेऊ लागले. विषय प्रामुख्याने संघटना, कायदा व हक्क हे असले, तरी या रचनेत जे शहाणपण आहे ते सुरक्षेला अधिकच लागू पडते: ज्याच्या डाव्या हाताचे अर्धे बोट प्रेसने नेले आहे, त्याने हात उंचावून दोन वाक्ये बोलावीत, म्हणजे पडद्यावरची चाळीस चित्रे निष्प्रभ होतात. मंडळ आजही आहे, नावात दत्तोपंत ठेंगडी यांचे स्मरण आहे. परंतु श्रमिक शिक्षक ही जी त्याची खरी कमाई, ती सुरक्षेच्या पदविकावाल्यांनी उचलली नाही याचे वैषम्य वाटते. पदविका घेतलेल्या साहेबाला आपल्या हाताखालच्या फिटरास शिक्षकाच्या खुर्चीत बसविणे कमीपणाचे वाटत असावे.

यापेक्षा खोल गेलेली एक अढी आहे, आणि तिची पाळेमुळे एका आकड्यात आहेत. हर्बर्ट हाइनरिश नावाच्या अमेरिकन विमाकंपनीच्या अधिकाऱ्याने 1931 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पंचाहत्तर हजार अपघातांच्या कैफियती चाळून असा निष्कर्ष काढला की शंभरातील 88 अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात आणि केवळ 10 अपघात असुरक्षित यंत्रे वा जागा यांमुळे. हा आकडा जगभरच्या सुरक्षावर्गांत वेदवाक्यासारखा म्हटला गेला. परंतु त्या कैफियती लिहिल्या होत्या कोणी? मालकांनी आणि विमाकंपनीच्या दप्तरांनी. ज्याचे बोट तुटले त्याची जबानी त्यात नव्हती. भोसरीच्या एखाद्या प्रेसशॉपचे उदाहरण घ्यावे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, अशी यंत्राची रचना असते, म्हणजे हात डायखाली राहूच शकत नाहीत. कामगार मात्र एक बटण काडी खुपसून वा चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवतो. हाइनरिशचा शिष्य हे पाहून ‘बेफिकिरी’ असा शेरा मारील आणि बेफिकिरीवर अर्धा तास प्रवचन देईल. चांगला शिक्षक आधी विचारील की पाळीला किती नगांची अपेक्षा आहे, आणि दोन्ही हात वापरून तेवढे नग निघतात काय. निघत नसतील, तर धड्याचा विद्यार्थी बदलतो. धडा मग पर्यवेक्षकाला, उत्पादन व्यवस्थापकाला, प्रसंगी मालकाला द्यावा लागतो. इमारतीवर मजुराला पट्टा बांधावयास लावणे सोपे असते, पण त्या पट्ट्याचा आकडा अडकविण्याजोगी दोरी वा नळी वर कोठेच नसेल, तर तो पट्टा हा केवळ पोशाखाचा भाग होतो.

विद्यार्थी बदलण्याचे हे धैर्य कोणी दाखविले असेल, तर ते कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या पुण्याच्या काही शिक्षिकांनी. 1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांना साक्षर करावयास निघाल्या. बाया अक्षरे गिरवावयास येईनात, कारण अक्षरे गिरविण्याने कचराकुंडीतील काच बोथट होत नव्हती. तेव्हा शिक्षिकाच पहाटे त्यांच्याबरोबर कुंड्यांवर जाऊ लागल्या. तेथे उमगले ते असे की हात कापतात, जखमा चिघळतात, कुत्री अंगावर येतात, पोलीस चोर समजतात, आणि याला कारण बायांचे अज्ञान नसून ओला-सुका कचरा एकत्र फेकणारी घरे आहेत. यातून 1993 साली, बाबा आढाव यांच्या सहभागाने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच घरोघर वर्गीकृत कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते उघडून पाहण्याची पाळी वेचक बाईवर येणार नाही, असे जे पुण्यातील गृहिणींना सांगण्यात आले, तो माझ्या मते गेल्या अर्धशतकात या शहरात दिला गेलेला कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा सर्वांत उत्तम धडा होय. आणि त्या शिक्षिकांपैकी एकीलाही 1982 च्या नियमांनी सुरक्षा अधिकारी म्हणून नेमून घेता आले नसते.

अर्थात पदविका निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. क्लोरिनचा वास येऊ लागला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे, टाकीत उतरण्यापूर्वी तिच्यातील प्राणवायू मोजावा आणि आत पडलेल्या सोबत्याला ओढून काढण्यासाठी तसेच आत झेपावू नये, हे ज्ञान सहानुभूतीने मिळत नाही; ते शास्त्राने मिळते. टाकीत वा गटारात एकाच्या मागोमाग उतरलेले दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, त्यातील दुसरा आणि तिसरा माणूस मायेपोटी गेलेला असतो. तेव्हा शास्त्र हवेच. परंतु 7 जून 2021 रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे रासायनिक कारखान्याला लागलेल्या आगीत आणि 8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या जागेत भडकलेल्या आगीत जी माणसे गेली, त्यांत बहुसंख्य आसपासच्या वस्त्यांतील स्त्रिया होत्या, आणि हजार कामगारांची जी मर्यादा कायद्याने घातली होती तिच्या आसपासही ही ठिकाणे नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने ही मर्यादा कारखान्यांसाठी पाचशेवर आणि धोकादायक प्रक्रियांसाठी व बांधकामांसाठी अडीचशेवर आणली आहे; त्यामुळे पदविकाधारकांच्या जागा वाढतील, हे इष्टच. पन्नास बायांच्या शेडमध्ये मात्र त्यांतील कोणीही पाऊल टाकणार नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, आणि त्यांना नव्या कायद्याची गरज नाही. पदविकेच्या वर्षात प्रत्येक उमेदवाराने सराव पाठ द्यावेत, आणि ते वर्गमित्रांसमोर न देता धानोरीच्या एखाद्या इमारतीवर, जेवणाच्या सुटीत, गवंडी आणि बिगारी यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, पडद्यावाचून द्यावेत. आणि भोसरी, तळवडे, उरवडे अशा ठिकाणच्या लहान शेडांतून, जेथे सुरक्षा अधिकारी कधीच नेमला जाणार नाही, कामगारांतूनच एकेक श्रमिक शिक्षक नागपुरी पद्धतीने तयार करावा. ठेकेदार म्हणेल की अर्धा तास बुडतो, आणि शेडचा मालक म्हणेल की पैसा कोठून आणावा. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक या दराने मजुरांच्या कल्याणासाठी उपकर 1996 च्या कायद्यापासून गोळा होत आलेलाच आहे; त्यातील अल्पसा भाग या पाठांवर खर्ची पडला तर त्याला कल्याणाबाहेरचा खर्च म्हणणे कोणत्याही हिशेबतपासनिसास जड जाईल. शेडच्या मालकांपुरती गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे पाचदहा मालकांनी मिळून एक शिक्षक ठेवणे हा मार्ग आहे, आणि आयकराच्या वह्यांसाठी त्यांनी सामाईक मुनीम ठेवलेला अनेकदा आढळतो. सराव पाठाला गुण कोणी द्यावेत हा प्रश्न उरतो. आठ दिवसांनी निरीक्षकाने न सांगता त्याच इमारतीवर जावे, हजेरीवही मागू नये, सातव्या मजल्याच्या कडेला उभ्या असलेल्या बिगाऱ्याच्या पट्ट्याचा आकडा कशाला अडकविलेला आहे ते पाहावे, आणि तो तेथेच का अडकविला हे त्याला त्याच्या भाषेत विचारावे. उत्तर येईल त्याप्रमाणे उमेदवाराच्या नावापुढे गुण मांडावेत.